संशोधनाचे 'दिवे' नेमके कुठे लागतात?

प्रतिनिधी

डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात विधान परिषदेत एक प्रश्न चर्चेला आला होता. 'सारथी' संस्थेतर्फे पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या अधिछात्रवृत्तीची संख्या मर्यादित का करण्यात आली, असा विरोधकांचा सवाल होता. त्यावर, पीएच.डी. करून हे विद्यार्थी असे कोणते दिवे लावणार आहेत, अशा आशयाचा प्रतिप्रश्न सत्ताधारी बाकांवरून आला. विद्यार्थी संघटना संतापल्या, दिलगिरी व्यक्त झाली आणि दोन-चार दिवसांत विषय मागे पडला. परंतु तो प्रश्न काही एका व्यक्तीचा नव्हता. करदात्यांच्या पैशातून चालणाऱ्या संशोधनाचे पुढे होते काय, हा प्रश्न लोकलमध्ये, बँकेच्या रांगेत आणि लग्नाच्या पंगतीतही विचारला जातो. त्याचे उत्तर मात्र सहसा कोणी देत नाही.

उत्तर देणे अवघड होण्याचे एक कारण म्हणजे 'संशोधन' हा एकच शब्द आपण अत्यंत भिन्न स्वरूपाच्या कामांसाठी वापरतो. आकाशगंगांतील हायड्रोजन मोजणारा खगोलशास्त्रज्ञ, जंगलात गोचिडी गोळा करणारा विषाणुतज्ज्ञ, गडचिरोलीच्या खेड्यात बाळंतिणीच्या दाराशी बसून टिपणे घेणारा डॉक्टर आणि प्रयोगशाळेत रुग्णाच्याच पेशींना कर्करोगाशी लढायला शिकवणारा जैवअभियंता हे सगळे 'संशोधक'च. पण त्यांची साधने वेगळी, पुराव्याची कसोटी वेगळी आणि फळ हाती येण्याचा कालावधी तर पूर्णपणे वेगळा. महाराष्ट्रातीलच काही उदाहरणे तपशिलाने पाहिली तर हा फरक ध्यानात येतो.

खोडदच्या तबकड्या

पुण्याहून नाशिकच्या दिशेने सुमारे ८० किलोमीटर गेले की जुन्नर तालुक्यात नारायणगाव लागते. तेथून जवळच खोडद या गावाच्या शिवारात, द्राक्षबागा आणि टोमॅटोच्या मळ्यांच्या सान्निध्यात, पांढऱ्या प्रचंड तबकड्या आकाशाकडे तोंड करून उभ्या आहेत. ही 'जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप' अर्थात जीएमआरटी. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या एकूण ३० तबकड्या. त्यापैकी १४ मध्यवर्ती भागात एक चौरस किलोमीटरच्या परिसरात आहेत, तर उरलेल्या १६ इंग्रजी 'वाय' अक्षराच्या तीन भुजांवर सुमारे २५ किलोमीटरच्या पट्ट्यात विखुरलेल्या आहेत. या सर्वांचे संदेश एकत्र केले की २५ किलोमीटर रुंदीच्या एका दुर्बिणीसारखे बारकावे टिपता येतात.

ही दुर्बीण उभी राहिली ती डॉ. गोविंद स्वरूप (१९२९-२०२०) यांच्या कल्पकतेतून. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या या शास्त्रज्ञाने त्यापूर्वी १९७० मध्ये उटी येथे, डोंगराच्या उतारावर, ५३० मीटर लांबीची रेडिओ दुर्बीण बांधली होती. तेथील उताराचा कोन आणि त्या स्थळाचे अक्षांश जवळपास समान आहेत. त्यामुळे दुर्बिणीचा अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर राहतो आणि एकाच अक्षाभोवती फिरवून ताऱ्याचा तासन् तास माग घेता येतो. महागडी यंत्रणा परवडत नसेल तर डोंगरच यंत्राचा भाग करून घ्यायचा, असा हा विचार.

खोडदला त्यांनी हाच काटकसरीचा मार्ग वेगळ्या रीतीने चोखाळला. ४५ मीटर व्यासाची भरीव धातूची तबकडी बांधायची तर तिचे वजन आणि वाऱ्याचा दाब पेलण्यासाठी अवाढव्य सांगाडा लागतो. स्वरूप यांनी भरीव पत्र्याऐवजी पोलादी तारांची बारीक जाळी वापरली आणि ती ताणलेल्या दोरांच्या आधाराने हव्या त्या आकारात बसवली. वारा जाळीतून आरपार निघून जातो. या दुर्बिणीने टिपायच्या लहरींची लांबी साधारण २१ सेंटिमीटरपासून दोन मीटरपर्यंत असल्याने जाळीतील छिद्रे त्यांच्या दृष्टीने जणू अस्तित्वातच नसतात. खगोलशास्त्राच्या गरजेतून अभियांत्रिकीतील नवी रचना जन्माला आली ती अशी. २०२० मध्ये 'आयईईई' या अभियंत्यांच्या जागतिक संघटनेने जीएमआरटीला 'मैलाचा दगड' म्हणून मान्यता दिली, ती या अभियांत्रिकी कामगिरीसाठीच.

येथे एक गोष्ट मुद्दाम नमूद करायला हवी. जीएमआरटीची आखणी करताना जी प्रमुख उद्दिष्टे समोर होती, त्यांपैकी एक होते दीर्घिका जन्माला येण्याआधीचे हायड्रोजनचे प्रचंड मेघ शोधण्याचे. ते त्या स्वरूपात सापडले नाहीत. दीर्घिका कशा निर्माण होतात याविषयीची शास्त्रज्ञांची समजूतच मधल्या काळात बदलली. सरकारी लेखापरीक्षकाच्या नजरेतून पाहिले तर 'उद्दिष्ट साध्य झाले नाही' असा शेरा मारता येईल. प्रत्यक्षात २००२ पासून जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांसाठी खुल्या झालेल्या या दुर्बिणीने स्पंदतारे, दीर्घिकांचे समूह आणि सूर्य यांविषयी जे काम केले, ते मूळ यादीत बसणारे नव्हते. सुमारे आठ अब्ज वर्षांपूर्वीच्या दीर्घिकांमध्ये सरासरी किती आण्विक हायड्रोजन होता, याचे मोजमाप २०२० मध्ये पुण्यातील शास्त्रज्ञांनी याच दुर्बिणीच्या आधारे प्रसिद्ध केले. जून २०२३ मध्ये विश्वात सर्वत्र अतिमंद गुरुत्वीय लहरींची गुंजन असावी, असा पुरावा जगातील अनेक गटांनी एकाच वेळी मांडला. त्यात युरोपीय शास्त्रज्ञांच्या सुमारे २५ वर्षांच्या निरीक्षणांना खोडदच्या निरीक्षणांची जोड होती. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये युरोपचे 'शियापारेली' यान मंगळावर उतरताना त्याचा क्षीण संदेश ऐकण्याची कामगिरीही या तबकड्यांनीच पार पाडली. यान कोसळले. संदेश मात्र इकडे ऐकू आला होता.

या शास्त्राची गंमत अशी, की खोडदच्या परिसरात शब्दशः दिवे लावणेच अडचणीचे ठरू शकते. वीजवाहिन्यांवर उडणाऱ्या ठिणग्या, मोबाइलचे मनोरे आणि विजेवर चालणारी यंत्रे रेडिओ लहरी सोडतात. आणि अब्जावधी प्रकाशवर्षांवरून येणाऱ्या संदेशापुढे या लहरी म्हणजे कानाशी वाजणारा ढोलच. पुणे-नाशिक जलद रेल्वेचा प्रस्तावित मार्ग या परिसरातून जाणार होता. दुर्बिणीच्या कामात व्यत्यय येईल म्हणून तो बदलावा लागेल, अशी भूमिका अलीकडच्या काळात रेल्वे मंत्रालयाने घेतली आणि जुन्नर, आंबेगाव, संगमनेर भागांतून नाराजीचा सूर उमटला. हा वाद खोटा नाही. आपल्या तालुक्याची गाडी कुठल्याशा दूरच्या दीर्घिकेसाठी का अडावी, असे विचारणाऱ्या शेतकऱ्याला मूलभूत संशोधनाची महती सांगून भागणार नाही. दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमारास खोडदला प्रदर्शन भरते आणि शाळांच्या सहली लोटतात. संवादाचा तेवढा एक पूल आहे. तो पुरेसा आहे का, याचा विचार संस्थेने करायला हवा.

माकडे मरू लागली तेव्हा

रेडिओ दुर्बिणीचे फळ कधी मिळेल हे सांगता येत नाही. याच्या अगदी उलट टोकाचे संशोधन म्हणजे साथीच्या रोगांचे. येथे उत्तर काल हवे असते.

पुण्यातील राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था आज करोनामुळे घरोघरी माहीत झाली आहे. १९५२ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन क्षेत्रातील शिखर संस्था आणि अमेरिकेतील रॉकफेलर फाउंडेशन यांच्या सहकार्यातून ती 'व्हायरस रिसर्च सेंटर' या नावाने सुरू झाली. तिचे आजचे नाव १९७८ चे. सुरुवातीच्या काळातच, १९५७ मध्ये, कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात माकडे मोठ्या संख्येने मरू लागल्याचे आणि आसपासच्या गावांतील माणसे तीव्र तापाने आजारी पडत असल्याचे वृत्त आले. हा आफ्रिकेतील पीतज्वर तर नव्हे, अशी पहिली धास्ती होती. तो खरा ठरला असता तर देशावर केवढे संकट ओढवले असते, याची कल्पना करवत नाही. पुण्याचे शास्त्रज्ञ जंगलात गेले. मृत माकडे, आजारी माणसे, पक्षी, उंदीर आणि गोचिडी यांचे नमुने घेतले. त्यातून जो विषाणू हाती लागला तो साफ नवा होता. आजाराला त्या जंगलाचेच नाव मिळाले, क्यासनूर फॉरेस्ट डिसीज. तळकोकणात आणि गोव्यात त्याला सरळ 'माकडताप' म्हणतात.

नावाने गैरसमज होतो. माकड येथे गुन्हेगार नव्हे, बळी आहे. विषाणू पसरवते ती जंगलातील गोचीड. माकड मेले की त्याच्या अंगावरील गोचिडी खाली झडतात आणि पाचोळ्यातून अनवाणी चालणाऱ्या माणसाला चावतात. त्यामुळे मेलेले माकड ही धोक्याची पहिली सूचना ठरते. हिवाळ्याच्या अखेरीपासून पावसाळ्यापूर्वीपर्यंत हा आजार जोर धरतो, कारण त्याच काळात गोचिडीची पिल्ले चावण्याच्या अवस्थेत असतात आणि नेमकी त्याच काळात माणसे लाकूडफाट्यासाठी, काजू वेचण्यासाठी रानात जातात. हे सारे आज चार ओळींत सांगता येते. ते समजण्यासाठी वर्षानुवर्षे जंगलात तळ ठोकावा लागला, पुण्याच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांनाही या विषाणूची लागण झाली आणि अतिसुरक्षित प्रयोगशाळेवाचून त्यावर काम करणे धोक्याचे असल्याचे कळून आले.

अनेक दशके हा आजार कर्नाटकातील मोजक्या तालुक्यांपुरता राहिला. त्यामुळे त्यावर खर्च का करावा, असे म्हणणे सोपे होते. पुढे तो केरळमध्ये वायनाडला दिसला, २०१५ मध्ये गोव्यातील सत्तरी तालुक्यात आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात पोहोचला. गोव्यात काजू बागांतील कामगारांना त्याची बाधा झाल्याचे संशोधकांनी नोंदवले. या वेळी निदान करण्यासाठी परदेशाकडे पाहावे लागले नाही. १९५७ पासून जपलेले ज्ञान आणि त्यावर आधारलेल्या चाचण्या पुण्यात तयार होत्या.

अतिधोकादायक विषाणू हाताळण्याची चौथ्या स्तराची सुरक्षित प्रयोगशाळा त्यापूर्वीच पुण्यात उभी राहिली होती. जानेवारी २०११ मध्ये गुजरातेत क्रायमियन-काँगो रक्तस्रावी तापाचे देशातील पहिले निश्चित निदान याच संस्थेने केले होते. २०१८ मध्ये कोळिकोडला निपाहचा उद्रेक झाला तेव्हा मणिपालच्या प्रयोगशाळेच्या जोडीने तिचे काम निर्णायक ठरले. ३० जानेवारी २०२० रोजी देशातील पहिल्या करोना रुग्णाचे निदान झाले ते पुण्यातच. पुढील काही आठवड्यांत येथील शास्त्रज्ञांनी विषाणू वेगळा केला आणि तोच हैदराबादच्या भारत बायोटेककडे लशीसाठी सुपूर्द झाला. ३ जानेवारी २०२१ रोजी 'कोव्हॅक्सिन'ला आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली. तिसऱ्या टप्प्यातील चाचण्यांचे निष्कर्ष हाती येण्याआधी ती दिल्याबद्दल त्या वेळी टीकाही झाली आणि ती अनाठायी नव्हती. परंतु वर्षभरात लस तयार होऊ शकली, यामागे सत्तर वर्षे चाललेले एक संथ, प्रसिद्धीविन्मुख काम होते, हेही तितकेच खरे.

शोध जेथे प्रश्न तेथे

आता तिसरा प्रकार. त्याला ना तबकड्या लागतात ना अतिसुरक्षित प्रयोगशाळा.

डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेतले आणि परतल्यावर १९८६ च्या सुमारास गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था सुरू केली. संशोधनासाठी अमेरिकेत थांबण्याऐवजी गडचिरोलीला जायचे, हा निर्णय त्या काळी अनेकांना आत्मघातकी वाटला असेल. १९८९ मध्ये डॉ. राणी बंग यांचा अभ्यास 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली असता ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग असल्याचे त्यात आढळले होते. तोवर स्त्रियांचे आरोग्य म्हणजे गर्भारपण आणि कुटुंबनियोजन एवढेच सरकारी यंत्रणेला ठाऊक होते. अंगावर काढली जाणारी दुखणी कोणाच्या हिशेबातच नव्हती. ती कुणी मोजलीच नव्हती.

पुढचा प्रश्न बालमृत्यूंचा होता. १९९५-९६ मध्ये 'सर्च'ने ३९ गावांतील घराघरांत नवजात बालकांचे निरीक्षण केले. निम्म्याहून अधिक अर्भकांना वैद्यकीय मदतीची गरज असल्याची लक्षणे होती. प्रत्यक्षात डॉक्टरांचा हात लागला तो तीन टक्क्यांहूनही कमी बाळांना. दवाखाना दूर, वाट जंगलाची, पावसाळ्यात नाले भरलेले आणि बाळंतिणीने बाहेर पडायचे नाही ही रूढी. मग दवाखानाच बाळापर्यंत नेता येईल का? गावातीलच स्त्रियांना 'आरोग्यदूत' म्हणून प्रशिक्षण देण्यात आले. बाळाचे वजन करणे, त्याला ऊबदार ठेवणे, श्वास कोंडला तर काय करायचे, जंतुसंसर्गाची लक्षणे कशी ओळखायची, आणि गरज पडल्यास प्रतिजैविकाचे इंजेक्शनही कसे द्यायचे, हे सारे त्या शिकल्या. जेमतेम शिकलेल्या बाईच्या हाती सुई देण्यास वैद्यकीय वर्तुळात विरोध झाला, हे ओघानेच आले.

हे सेवाकार्य म्हणून थांबले असते तर त्याचे कौतुक झाले असते आणि ते गडचिरोलीपुरतेच राहिले असते. त्याचे संशोधन झाले ते एका कारणाने. शेजारच्या ४७ गावांतील जन्म-मृत्यूंची नोंदही तितक्याच काटेकोरपणे ठेवण्यात आली. त्या गावांत नेहमीच्याच सरकारी सेवा होत्या. तुलनेला आधार मिळाला. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा तिसऱ्या वर्षी आरोग्यदूत असलेल्या गावांत नवजात मृत्युदर हजारी २५.५ होता, तर तुलनेच्या गावांत ५९.६. घट सुमारे ६२ टक्क्यांची. पुढे देशभरात 'आशा' कार्यकर्त्यांमार्फत घरोघरी नवजात बालकांची काळजी घेण्याचा कार्यक्रम २०११ पासून राबवला गेला, त्याचे मूळ या ३९ गावांत आहे.

या कामातील एक साधन मोठे बोलके आहे. न्यूमोनिया ओळखायचा तर मिनिटाला किती श्वास हे मोजावे लागते. पण गावातील सुईणींना दहा-बाराच्या पुढे मोजता येत नव्हते. तेव्हा एक लाकडी चौकट तयार करण्यात आली. तिच्यात एका मिनिटाची वाळूची घटिका आणि तारेवर ओवलेले मणी. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मणी सरकवावा लागला, तर बाळाला न्यूमोनिया. अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रकल्पप्रदर्शनात असे यंत्र ठेवले तर परीक्षक त्याकडे ढुंकून पाहतील की नाही, याची शंका आहे.

पवईची पेशी, पाषाणचा बांबू

विज्ञान, अभियांत्रिकी आणि आरोग्य या शाखा आपण शाळेच्या वेळापत्रकाप्रमाणे वेगवेगळ्या तासांत बसवतो. अलीकडचे सर्वांत ठळक उदाहरण त्या मांडणीला जुमानत नाही. मुंबईत पवईच्या आयआयटीमधील जैवअभियंते आणि परळचे टाटा स्मारक रुग्णालय यांनी मिळून रक्ताच्या विशिष्ट कर्करोगांवर 'कार-टी' पेशींची देशी उपचारपद्धती विकसित केली. रुग्णाच्या रक्तातील 'टी' पेशी बाहेर काढायच्या, निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या साहाय्याने त्यांत नवे जनुक घालायचे, कर्करोगाच्या पेशींवरील 'सीडी १९' हे प्रथिन ओळखण्याची क्षमता त्यामुळे त्यांना मिळते, मग त्या वाढवून पुन्हा रुग्णाच्याच शरीरात सोडायच्या. औषध असे म्हणावे तर ते कारखान्यात तयार होत नाही. प्रत्येक रुग्णासाठी वेगळे बनते. ऑक्टोबर २०२३ मध्ये या उपचाराला केंद्रीय औषध नियामकाची मान्यता मिळाली. ६४ रुग्णांवरील चाचण्यांचे निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांच्यावरील परिणाम तपासता आला, अशा रुग्णांपैकी सुमारे ७३ टक्के जणांनी उपचाराला प्रतिसाद दिला, आणि हे रुग्ण इतर उपचार थकलेले होते. परदेशात या उपचाराला तीन-चार कोटी रुपये लागतात, येथे त्याच्या सुमारे एकदशांश. तरीही ही रक्कम मध्यमवर्गीय कुटुंबाच्या आवाक्याबाहेरची आहे, हे सांगितल्यावाचून कौतुक पुरे होत नाही.

पुण्यात पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे, जानेवारी १९५० मध्ये सुरू झालेली. नावात रसायन असले तरी तिची एक गाजलेली कामगिरी वनस्पतिशास्त्रातील आहे. बांबूच्या अनेक जाती कित्येक दशकांतून एकदाच फुलतात आणि फुलून मरतात. त्यामुळे संकर करून नवा वाण काढायचा तर एका माणसाचे आयुष्य अपुरे पडावे. १९९० मध्ये या प्रयोगशाळेतील नाडगौडा, परशरामी आणि मस्कारेन्हस या संशोधकांनी उतिसंवर्धनाने काचेच्या नळीत वाढवलेल्या कोवळ्या रोपांना काही महिन्यांतच फुले आणल्याचे 'नेचर'मध्ये जाहीर केले आणि जगभरातील वनस्पतिशास्त्रज्ञ चकित झाले. याच प्रयोगशाळेचे माजी संचालक डॉ. रघुनाथ माशेलकर पुढे वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक असताना परिषदेने अमेरिकेतील हळदीच्या पेटंटला आव्हान दिले. जखमेवर हळद लावण्याचे ज्ञान नवे नाही, हे सिद्ध करण्यासाठी सूक्ष्मदर्शक नव्हे, तर जुने ग्रंथ आणि छापील नोंदी धुंडाळाव्या लागल्या. १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले. ग्रंथालयात बसून केलेले कामही संशोधनच असते, हे त्या निमित्ताने विज्ञानवाल्यांनाही उमगले असावे.

आणखीही नावे घेता येतील. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने काढलेले गव्हाचे आणि सोयाबीनचे वाण शेतकऱ्यांच्या शिवारात आहेत. पाषाणच्याच उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विकसित केलेली, सहा किलोमीटरच्या चौकटीत अंदाज देणारी प्रणाली मे २०२५ मध्ये हवामान खात्याच्या सेवेत दाखल झाली. तूर्तास एवढे पुरे.

मग तक्रार कुठे आहे?

वरील चित्र उजळ आहे, पण ते निवडक आहे याची जाणीव ठेवायला हवी. विधान परिषदेतील त्या प्रश्नात तथ्यांश अजिबात नव्हता, असे म्हणता येणार नाही. प्राध्यापकाच्या नोकरीसाठी, बढतीसाठी पीएच.डी. आणि शोधनिबंध यांची सक्ती झाली आणि त्यातून एक बाजार उभा राहिला. पैसे भरा, आठवड्यात निबंध छापून घ्या, असे सांगणारी नियतकालिके गल्लोगल्ली निघाली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्यताप्राप्त यादीतील, विद्यापीठांनी सुचवलेल्या १,००९ नियतकालिकांची पडताळणी पुण्यातील डॉ. भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी केली. त्यांतील सुमारे ८८ टक्के दर्जाहीन असण्याची शक्यता त्यांनी २०१८ मध्ये दाखवून दिली. त्याच वर्षी मे महिन्यात आयोगाने ४,३०५ नियतकालिके यादीतून वगळली. २०२२ च्या नियमांनी पीएच.डी.साठी शोधनिबंध छापण्याची सक्तीही काढून टाकली. येथे लक्षात घेण्यासारखी बाब अशी, की खोट्या संशोधनाचा हा पर्दाफाशही संशोधनानेच केला.

दुसरी तक्रार पैशाची. २०२०-२१ च्या सरकारी आकडेवारीनुसार भारत संशोधन आणि विकासावर सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ०.६४ टक्के खर्च करतो. चीन सुमारे अडीच टक्के, तर दक्षिण कोरिया पाच टक्क्यांच्या आसपास. त्या देशांत मोठा वाटा खासगी उद्योग उचलतात; आपल्याकडे भार मुख्यतः सरकारवर आहे. २०२३ च्या कायद्याने राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान स्थापन झाले. पाच वर्षांत ५० हजार कोटी रुपयांचे लक्ष्य ठरले, पण त्यातील ३६ हजार कोटी उद्योग आणि अन्य बिगरसरकारी स्रोतांतून यावेत, अशी अपेक्षा आहे. आजवर हात आखडता घेणारे उद्योग कायद्याने उदार होतील का, हे पाहावे लागेल.

आणि या साऱ्याच्या तळाशी आहे तो विद्यार्थी. कनिष्ठ संशोधकाची केंद्रीय अधिछात्रवृत्ती जानेवारी २०२३ पासून महिन्याला ३७ हजार रुपये झाली. ती वाढ पदरात पाडून घेण्यासाठीही देशभर आंदोलने झाली. 'बार्टी'च्या ८६१ संशोधक विद्यार्थ्यांनी त्याच वर्षी अधिछात्रवृत्तीसाठी मुंबईच्या आझाद मैदानात आठवड्यांमागून आठवडे धरणे धरले. प्रयोग मध्येच थांबला की तो पुन्हा पहिल्यापासून सुरू करावा लागतो. ऊतींना, जंतूंना आणि रोपांना शासन निर्णयाची प्रतीक्षा करता येत नाही. घरभाड्याचीही तीच गत.

दोडामार्ग आणि सत्तरीच्या काजू बागांत हंगाम सुरू होतो तेव्हा आरोग्य खाते अजूनही मेलेल्या माकडांच्या खबरा गोळा करते आणि रानात जाणाऱ्यांना गोचीड दूर ठेवणारे तेल वाटते. माकडतापावरील जुनी लस कर्नाटकात अनेक वर्षे टोचली गेली. परंतु तिचा पुरेसा उपयोग होत नसल्याचे दिसून आल्याने २०२२ मध्ये तिचा वापर थांबवण्यात आला. विषाणू सापडला त्याला १९५७ पासून सहा दशकांहून अधिक काळ लोटला. नव्या लशीचे काम सुरू आहे.